पाच सेंटचं तिकीट
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



आपण न्यू यॉर्ककर सबवेने जातो आणि तिलाच नावं ठेवतो! आज थोडी तिची बाजू मांडतो.

27 ऑक्टोबर 1904 ला पहिली सबवे सिटी हॉलपासून 145 व्या रस्त्यापर्यंत धावली. तिकीट पाच सेंट. बऱ्याच भागात सुरुवातीलाच चार रूळ टाकले, दोन लोकलचे, दोन एक्स्प्रेसचे. मुंबईकरांना फास्ट-स्लो वेगळं सांगायला नको! म्हणूनच आजही रात्री एका रुळावर दुरुस्ती आणि शेजारून गाडी, असं जमतं.

पुढच्या कंपनीने रुंद डबे आणले. 1940 साली शहराने सगळं एकत्र केलं, पण जुने बोगदे कसे रुंदावणार? आकड्यांच्या गाड्या अजूनही अक्षरांच्या गाड्यांपेक्षा अरुंद आहेत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ‘लेगसी सिस्टिम’!

खरी गोम मात्र तिकिटात. 1913 च्या करारांनी पाच सेंट भाडं बांधून टाकलं. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, तरी 1948 पर्यंत तेच. भाडं वाढवून मतं कोण गमावणार? देखभाल मागे पडली, आणि ती सवय पुढेही सुटली नाही. 1970 च्या दशकात सबवेची पार दैना झाली. 1982 पासून दुरुस्तीला मोठा निधी मिळू लागला, तेव्हा कुठे ती सावरली.

नवी लाइन उघडली की फीत कापायला सगळे येतात. जुना सिग्नल बदलला तर कोणी टाळी वाजवत नाही. तेव्हा मंडळी, शनिवार-रविवारी कामासाठी गाडी बंद दिसली, तर जरा कमी चिडा!