हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन

क्लोरोफॉर्म हुंगविलेला रोगी दगावतो, तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नावरून विलायतेतील वैद्यांत दोन तट पडले होते. त्याचा निवाडा करण्याचा घाट मात्र लंडनात नव्हे, तर मुशी नदीच्या काठी हैदराबादेत घातला गेला.

शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल देण्याचा प्रघात सिम्प्सन यांनी एडिंबरो येथे १८४७ च्या नोव्हेंबरात पाडला. पुढच्याच जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना काही मिनिटांतच मरण पावली. असे मृत्यू पुढेही होत राहिले. आणि चमत्कारिक गोष्ट अशी की, पुष्कळदा ते अवघड शस्त्रक्रियेत नव्हे, तर अशाच किरकोळ कामात, भूल पुरती चढण्यापूर्वी होत.

हैदराबादेतील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. रोग्याची नाडी पाहत बसू नये, श्वासावर नजर ठेवावी, ही गुरूची शिकवण. ती पडताळण्यासाठी लॉरींनी १८८८ साली कमिशन नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रथम श्वासच थांबतो, असा निष्कर्ष निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाला तो पटला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १००० पौंड देऊ केले आणि साप्ताहिकानेच आपला तज्ज्ञ पाठवावा, असे सुचविले. संस्थानिकांच्या देणग्या पुष्कळ ऐकिवात आहेत. पण वैद्यकातील वादाच्या निकालासाठी दिलेली अशी देणगी विरळाच.

१८८९ च्या अखेरीस लॉडर ब्रंटन आले. क्लोरोफॉर्मने हृदयाला धोका पोचतो, असे मत घेऊनच ते आले होते. कुत्री, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे अशा चारशेंहून अधिक मुक्या जिवांवर प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेख काढले गेले. आणि परीक्षक म्हणून आलेले ब्रंटनच लॉरींच्या पक्षाला मिळाले! त्याच काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी पुढे तेथे वर्षानुवर्षे भूल देत होत्या. एका स्त्रीने हे काम करणे ही त्या काळी साऱ्या जगातच दुर्मीळ गोष्ट होती.

एवढे होऊनही प्रश्न सुटला नव्हता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर वेगळाच प्रयोग केला. क्लोरोफॉर्म अगदी हलका दिला आणि ॲड्रेनॅलिन टोचले. तत्क्षणी हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरू लागले आणि मांजर मेले. माणूस घाबरला की हेच ॲड्रेनॅलिन त्याच्या रक्तात आपोआप उतरते. नखासाठी किंवा दातासाठी आलेला, अर्धवट भुलीतला भेदरलेला रोगी का दगावत होता, याचा उलगडा येथे झाला. हैदराबादच्या प्राण्यांना बहुधा गाढ भूल दिलेली होती, आणि तशा भुलीत हा प्रकार सहसा घडत नाही. अतिमात्रेने श्वास थांबतो, हे कमिशनचे म्हणणे खोटे नव्हते. पण तेवढ्यावरून हृदयाला निर्धोक ठरविण्यात त्याची चूक झाली. नाडीकडे लक्ष नको, हा सल्ला कित्येकांना भोवला असेल, कोण जाणे!

लॉरींनी जेथे काम केले, ते अफजलगंजचे रुग्णालय १९०८ च्या मुशीच्या महापुरात नष्ट झाले. क्लोरोफॉर्मही पुढे शस्त्रक्रियागृहातून गेला. आज भूल देणारा डॉक्टर हृदयाचे ठोके आणि श्वास, दोन्ही एकाच पडद्यावर पाहत असतो.