चिपळूणची लेक, इंदूरची ताई
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपले बदनावर धार लोकसभा मतदारसंघात येते. त्यामुळे सुमित्राताई महाजनांना मत देण्याचा योग आम्हा बदनावरकरांना कधीच आला नाही. तरीही इंदूरचा निकाल लागला की आमच्या घरांत पेढे यायचे. 'आपल्या ताई' निवडून आल्या! मात्र त्या मराठी मतांवर निवडून येत, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. इंदूरलाही तेवढ्या मतांवर लोकसभा मिळत नाही.

ताईंचा जन्म १९४३ चा, चिपळूणच्या साठ्यांकडचा. लग्न होऊन त्या इंदूरला आल्या. १९८२ साली नगरसेविका, पुढे उपमहापौर. १९८५ मध्ये विधानसभेला पडल्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे एकदा हरलेल्या बाईला घरचेच आधी विचारतात, "आता पुरे नाही का?" ताईंनी पुरे केले नाही. १९८९ मध्ये त्यांनी प्रकाशचंद्र सेठींना हरवले. सेठी म्हणजे राज्याचे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी गृहमंत्री! तेव्हापासून २०१४ पर्यंत सलग आठ निवडणुका, एकच मतदारसंघ. सगळ्याच सोप्या नव्हत्या. २००९ मध्ये मताधिक्य साडेअकरा हजारांच्या आसपास आले होते, २०१४ मध्ये ते साडेचार लाखांवर गेले.

मधल्या काळात केंद्रात राज्यमंत्रिपद झाले. ६ जून २०१४ रोजी त्या एकमताने लोकसभेच्या अध्यक्षा झाल्या, मीराकुमारांनंतरच्या दुसऱ्या महिला. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेसचे २५ सदस्य पाच दिवसांसाठी निलंबित केले. आमच्यातल्या काहींना ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. आपली ताई म्हणून गप्प बसावे, असे आम्हांला वाटत नाही.

२०१९ मध्ये पक्ष इंदूरचे नाव जाहीर करीना. शेवटी ५ एप्रिलला ताईंनीच पत्र काढून लढणार नसल्याचे कळवले. २०२१ साली पद्मभूषण मिळाले, पण आम्हांला ते पत्रच जास्त आठवते.

आता घरचे सांगतो. आजची रांगोळी, वाण, चहा, सगळे भगिनींनी केले. आमच्या कार्यकारिणीत मात्र पुरुषच पुरुष. नगर परिषदेत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, मंडळाला कुठल्या कायद्याची वाट पाहायची आहे? पुढच्या निवडणुकीसाठी ज्या भगिनी उभ्या राहणार असतील, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी चिटणिसांकडे नाव द्यावे. अर्ज तिकडे टेबलावर ठेवले आहेत.