हलगी तापवावी लागते

(भाईंदरमधल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे म्हणून आलेल्या माजी विद्यार्थ्याचं भाषण. वक्ते संगीताचे अभ्यासक आहेत. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलंय, बोलीला हात लावलेला नाही.)

सर, बाई, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या पोरापोरींनो, जयभीम.

पत्रिकेत माझा विषय छापलाय 'अभिजात संगीताची ओळख'. मी तो दिला नव्हता. पण छापला तर छापला, त्यावरच बोलतो. ओळख करून द्यायची म्हणजे दोन्ही पार्ट्या समोरासमोर पाहिजेत. एक इथं टेबलावर आहेच, तबल्याची जोडी, शाळेची. दुसरी मी पिशवीतनं आणलीय. ही हलगी.

हसा, हरकत नाही. मागच्या बाकावरचे दोघं हसले नाहीत, तेही बघितलं मी. मला कळलं ते का हसले नाहीत.

मी याच गावच्या शाळेत शिकलो. आठवीत होतो, १९८१ साल. तेव्हा भाईंदरला नगरपरिषदसुद्धा नव्हती. ती १९८५ ला आली, महापालिका २००२ ला. लोकलमधनं खाडीकडं बघितलं की मिठागरं दिसायची, मिठाचे पांढरे ढीग. आमचे दादा, म्हणजे वडील, बाहत्तरच्या दुष्काळात गाव सोडून इकडं आले नि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागले. संध्याकाळी घरी यायचे तर माणूस ओळखू यायचा नाही, नुसते डोळे नि दात. आई हंगामात मिठागरावर पाट्या उचलायची. तळपायाला चिरा पडायच्या नि त्या चिरांत मीठ. तुम्ही वरणात टाकता ते.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात 'गावची जत्रा' नावाचा देखावा होता. मला समूहगीतात उभं राहायचं होतं. गळा बरा होता, चाचणीत मी चुकलोही नव्हतो. गाणं बसवणारे म्हणाले, "तू हलगी घे. तुमच्यात वाजवतातच की."

रागानं नाही म्हणाले, बरं का. अगदी प्रेमानं. पाठीवर हात ठेवून. ते नाव मी सांगणार नाही, कारण ते एका माणसाचं वाक्य नव्हतंच.

गंमत ही, की मी जन्मात हलगीला हात लावलेला नव्हता. आमच्या खोलीत ती नव्हतीच. पण त्यांना वाटलं, पोरगं पोटातनंच वाजवत आलंय! दुसऱ्या मुलाला पेटी यायला चार वर्षं क्लास लागतो, आम्हाला जातीनंच यायला पाहिजे. मग वस्तीतल्या एका म्हाताऱ्याकडं बसून आठ दिवसांत चार ठोके शिकलो. वाजवली. टाळ्या पडल्या. मी खूष!

मागं दादा उभे होते. पाळी बदलून आले होते पोराचं बघायला. हलगी वाजायला लागली नि ते निघून गेले. घरी आलो तर पहिली थोबाडीत. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आज्ज्याच्या गळ्यातनं ती काढायला छप्पन्न साल उजाडावं लागलं. तू टाळ्यांसाठी परत घातलीस."

पोरांनो, ते वाक्य घेऊन मी चाळीसेक वर्षं फिरतोय.

आज्ज्याची हलगी म्हणजे काय होतं? गावाचा लाऊडस्पीकर. दवंडी द्यायची, हलगी. कुणी मेलं, हलगी. पाटलाची वरात, जत्रा, कुस्तीचा फड, हलगी. प्रत्येकाचा ठोका वेगळा, ऐकणाऱ्याला लांबून कळायचं मयत आहे का लगीन. एवढी विद्या! आणि मोबदला शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. वाजवणार नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून १९५६ ला धर्म बदलला तेव्हा कितीतरी घरांनी देवांबरोबर वाद्यंही टाकली. आज संस्कृती-संस्कृती करणारे विद्वान हळहळतात, अरेरे, केवढी कला गेली. ज्याच्या गळ्यात पट्टा रुतला नाही त्याला हळहळणं स्वस्त पडतं.

मी पुढं गांधर्वच्या परीक्षा दिल्या, तबल्यात विशारद झालो, मग संगीताच्या इतिहासात घुसलो. तिथं भातखंडे भेटले. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, मुंबईतल्या वाळकेश्वरचे, पेशानं वकील. हा माणूस वही घेऊन देशभर हिंडला. रामपूरसारख्या दरबारांत, खानदानी गवयांच्या दारांत बसून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग काढले. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या पुस्तकांवर माझं पोट भरलं. पण एक विचारतो: ही वही आमच्या आज्ज्याच्या दारात का नाही आली? जे वहीत गेलं ते शास्त्र झालं, जे राहिलं ते 'तुमच्यात वाजवतातच की'.

आता ही दोन वाद्यं बघा. दोन्हीला कातडं बकऱ्याचं. तबल्याला मधोमध काळी शाई, लोखंडाच्या चुऱ्याची, हलगीला नाही. त्या शाईमुळं तबल्याचा ठाम सूर निघतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हेच दाखवलं, की आपल्या या चर्मवाद्यांतून स्वरमेळात बसणारे नाद निघतात, जे साध्या ढोलातनं निघत नाहीत. फरक खरा आहे. मी लपवत नाही. पण तो नादाचा फरक आहे, वाजवणाऱ्याच्या लायकीचा नाही. आणि कातडं सोलणारा, कमावणारा हात कुणाचा? टी. एम. कृष्णा यांनी तमिळ मुलखातल्या मृदंग बनवणाऱ्यांवर २०२० मध्ये पुस्तक लिहिलं, 'सेबास्टियन अँड सन्स'. बनवणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. वाजवणाऱ्यांत ब्राह्मणांचा भरणा. त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेला हॉल चेन्नईच्या कलाक्षेत्रानं ऐनवेळी काढून घेतला. वाद्य चालतं, कातड्याची गोष्ट चालत नाही!

पेटीचं तर विचारू नका. जलसेवाल्यांची, भजनी मंडळांची, आपल्या वस्तीतल्या कव्वालीची जीव की प्राण ती पेटी. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. म्हणे परदेशी, मींड निघत नाही, सूर बांधलेले. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. तीस वर्षं! आणि त्या तीस वर्षांत भीमजयंतीला गल्लोगल्ली पेटीच वाजत होती. मींड नसलेली.

बाहेरचं एक सांगतो, मग आवरतो. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये काळ्या गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत माणसं गोळा केली. दुसऱ्याच वर्षी गोऱ्या मालकांनी कायदा केला, गुलामानं ढोल, शिंग वाजवायचं नाही. ढोलाची भीती वाटली. 'ब्लूज पीपल' नावाचं पुस्तक आहे, लेरॉय जोन्सचं, १९६३ चं. काळ्यांच्या संगीताचा इतिहास म्हणजेच काळ्यांचा इतिहास, असं त्यात मांडलंय. ते वाचताना मी अडखळलो. तिथं मालकांनी ढोल हिसकावून घेतला, म्हणून तिथं ढोल परत हातात घेणं हाच विद्रोह. इथं मालकांनी ढोल गळ्यात बांधला. म्हणजे इथं ढोल फेकणं विद्रोह! पँथरचं नाव आपण तिकडून घेतलं १९७२ ला, पण हा हिशोब तिकडून आयता घेता येत नाही. आपला आपल्यालाच मांडावा लागतो.

मग मी हलगी का आणली? दादांची थोबाडीत विसरलो काय?

नाही. दादा बरोबर होते. पण फेकण्याच्या पुढची पायरीही आपल्याच माणसांनी दाखवलीय. भीमराव कर्डकांनी तमाशाचा सांगाडा घेतला नि त्यातनं जलसा उभा केला. त्यांचा एक जलसा म्हणजे माझ्या दहा सभा, असं बाबासाहेब म्हणायचे, हे जुनी माणसं सांगतात. आणि त्याच कर्डकांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं. वही कुणाची वाट बघत बसली नाही, शाहिरानंच ती हातात घेतली. माझ्या मते तो आपला पहिला संगीतशास्त्रज्ञ. विद्यापीठात मी हे बोललो तेव्हा एक प्राध्यापक हसले. हसू द्या.

बायांचंही तसंच. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, माजलगावच्या भीमनगरात १९९६ ला ध्वनिमुद्रित केलेल्या. दळणारीला कुणी गायिका म्हणत नव्हतं. ती आपली गात होती.

दादा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना विचारलं, आज्जा मयतीला कसा वाजवायचा? म्हटलं चिडतील. त्यांनी पलंगाच्या फळीवर बोटांनी वाजवून दाखवलं. सगळं. वरातीचं, दवंडीचं, मयतीचं. तीसेक वर्षं घरात हलगी येऊ न देणाऱ्या माणसाच्या बोटांत सगळं जसंच्या तसं होतं. मी वहीत उतरवलं. वर आज्ज्याचं नाव घातलं, खाली दादांचं.

तर काम सांगतो. तुमच्याकडं आता मोबाइल आहेत, आम्हाला टेपरेकॉर्डर मागून आणावा लागायचा. तुमच्यातल्या आगरी पोरींनो, लग्नात धवळे म्हणणारी धवलारीण अजून कुणाच्या घरी येत असेल तर तिच्याजवळ बसा. मिठागरावर काम केलेली आजी असेल तर तिला विचारा पाट्या उचलताना काय म्हणायच्या. उत्तनच्या पोरांनो, लग्नातल्या ब्रास बँडवाल्यांना विचारा कोण कुणाकडून शिकलं. आधी गाणाऱ्याचं नाव लिहा, मग तारीख, मग गाणं. आणि कुणी म्हणालं, "मला नाही सांगायचं", तर मोबाइल बंद करायचा. तिला तो हक्क आहे.

मुख्याध्यापक बाईंना विनंती, ही हलगी शाळेत ठेवून जातोय. संगीताच्या खोलीत, तबल्याशेजारी. वाजवायची ज्याला हौस त्यानं मागून घ्यावी. कुणाला आडनाव बघून देऊ नका.

मागच्या बाकावरचे दोघं, तुम्हाला नको असेल तर नका वाजवू.

आता बोलून झालं. वाजवून दाखवतो, पण हवा खाडीची, कातडं सैल पडलंय. बाजारात हल्ली प्लॅस्टिकच्या मिळतात, त्यांना हा त्रास नाही; ही खरी आहे, जाळावर धरावी लागेल. शिपाईमामांनी मागच्या मैदानात कागद पेटवलेत. चला तिकडं. चपला घाला, खडी आहे.