काळा धागा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला संगणक क्षेत्रातल्या वाटचालीवर बोलायला सांगितलंय. ती वाटचाल बहुतेक पुण्याच्या ट्रॅफिकमध्येच झाली. त्यापेक्षा मी पिक्चरबद्दल बोलते.

भूमच्या जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. तिथं आपण 'मिस्टर इंडिया' पाहिला. पिक्चर १९८७चा, आपल्यापर्यंत यायला दोन-तीन वर्षं लागली. अदृश्य माणसाच्या हातात हनुमानाची मूर्ती. आपल्याला दिसते ती नुसती मूर्ती, हवेत फिरून गुंडांना बडवणारी. बायकांनी हात जोडले. मी आ वासून बघत होते. माझ्या बाकावरची मैत्रीण मात्र कानात कुजबुजली, "वर दोरी असंल बघ. पर दिसंना कशी?"

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यासमोर काळ्या दोऱ्याला खडू बांधून लटकवला. शेवटच्या बाकावरून दोरा खरंच दिसेना. पिक्चरमधला अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो, म्हणून पुढं आठवडाभर अर्धा वर्ग डोळ्याला लाल जिलेटीन लावून हिंडला. गुरुजींनी सगळं जप्त केलं, आठवतंय ना?

तिची युक्ती फार जुनी होती, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाच्या कथेवर १९३७ साली 'ख्वाब की दुनिया' निघाला. त्यात बाबूभाई मिस्त्रींनी हेच केलं. काळ्या पडद्यापुढं काळा धागा कॅमेऱ्याला दिसत नाही, बांधलेली वस्तू तेवढी तरंगते. त्यांचं टोपणनावच पडलं, 'काला धागा'. त्याहीआधी, १९१९ साली, दादासाहेब फाळक्यांनी 'कालिया मर्दन'मध्ये आपल्या लहानग्या मंदाकिनीला कृष्ण करून नागाशी झुंजवलं. नाग बनवलेला आहे हे सरळ कळतं. तरी नजर हटत नाही, कारण तो खरोखर त्या पोरीसमोर आहे, कुणीतरी हातानं केलेला. ऑफिसातली पोरं असलं काही बघून हसतात. आता पडद्यावर अख्खं शहर कोसळतं, अन् माझा हात पॉपकॉर्नच्या पुड्यात असतो.

आठवीनंतर त्या मैत्रिणीची शाळा सुटली, लग्न झालं. आज सकाळपासून मी तिला या हॉलमध्ये शोधतेय. आपली यादी दहावीच्या रजिस्टरवरून केलीय, त्यात ती नाही. कुणाकडं तिचा नंबर असेल, निदान सासरचं गाव माहीत असेल, तर जेवणाआधी मला सांगा. मी उद्या दुपारपर्यंत भूममध्येच आहे.