चोक ओढावा कधी, सारावा कधी?



पौषातली पहाट. शेजारच्या सुनेला कळा सुरू झालेल्या, तिला मंगरूळपीरहून वाशीमला न्यायचे आणि आमची जुनी पद्मिनी सुरू होईना! घाबरून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले. पेट्रोलचा वास सुटला, प्लग भिजले.

थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून कार्ब्युरेटरमधली हवा कमी करायची. मात्र पेट्रोल अति झाले, तर चोक आत सारावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, मग स्टार्टर मारावा. मिस्त्रींचे हे सांगणे आठवले, तसे केले आणि गाडी सुरू झाली.

इंजिन तापल्यावरही चोक आत सारावा. नाहीतर काळा धूर आणि हिसके. तरीही हिसके राहिले, तर प्लग व जेट साफ करून घ्यावेत.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. भगिनींनो, चावी हाती असून अडायला नको!