उठावाचा नकाशा आणि गावची जमीन



गावाचा नकाशा समोर पसरला की रस्ते, ओढे आणि शेते चटकन ओळखू येतात. परंतु जमिनीचा चढउतार सपाट कागदावर सहजी दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर तो समोच्चरेषांनी दाखविलेला असतो. रेषा दाट असतील तेथे चढ उभा, विरळ असतील तेथे जमीन सपाट. याच रेषांबरहुकूम पुठ्ठ्याचे थर कापून शाळेत डोंगराची प्रतिकृती उभी करतात. आता हे काम संगणकही करतो.

त्यासाठी संगणकास उंचीचे आकडे लागतात. जमिनीवर चौकोनांची जाळी कल्पून प्रत्येक चौकोनास एक उंची दिली जाते आणि त्यावर उपग्रहाचे छायाचित्र चादरीसारखे पांघरले जाते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची रडारने मोजली. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावर दोन कॅमेरे होते. एक पुढे २६ अंश, दुसरा मागे ५ अंश कललेला. दोन डोळ्यांमुळे माणसास जशी खोली कळते, तशीच अशा दोन चित्रांवरून उंची काढता येते. या उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केलेले ३० मीटर चौकोनांचे आकडे इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर मिळतात. ‘क्यूजीआयएस’ या विनामूल्य प्रणालीत ते घातले, की आपला डोंगर चारही बाजूंनी फिरवून पाहता येतो.

ही केवळ करमणूक नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. वस्तीच्या माथ्यावरील उतार किती, हा प्रश्न म्हणूनच जीविताचा आहे. गोव्यात डोंगर कापणे किंवा सखल जमीन भरणे यांस नगर व ग्राम नियोजन कायद्याने निर्बंध घातले आहेत. असा प्रस्ताव गावापुढे आला असता जागेचे उठावाचे चित्र सर्वांना एकाच वेळी दाखविता येते.

मात्र दोन गोष्टींचे भान हवे. पहिली अशी, की चित्र ठसठशीत दिसावे म्हणून संगणकावर उंची वाढवून दाखवितात. एक किलोमीटरमध्ये १०० मीटर चढणारी जमीन म्हणजे १० टक्के उतार. उंची तिप्पट केली, की तोच उतार ३० टक्के भासतो. म्हणून उंची किती पट वाढविली आहे, हे आधी विचारावे आणि उतार चित्रावरून न ठरविता आकड्यांवरून काढावा.

दुसरी गोष्ट खाजणांची. मांडवी-जुवारीकाठची ही शेते भरतीच्या पाण्यापेक्षा सखल असून बांध आणि मानस यांमुळे राखली गेली आहेत. काही मीटर रुंदीचा बांध ३० मीटरच्या चौकोनात हरवून जातो. शिवाय या आकड्यांत काही मीटरची चूक संभवते, आणि दाट झाडीत उपग्रहाचा वेध जमिनीपर्यंत पुरता पोहोचत नाही. खाजणात तर हातभर फरकावर पीक अवलंबून असते. तेथे पाण्याची पातळी प्रत्यक्ष मोजणीनेच ठरवावी लागते.

तेव्हा शिक्षकांनी मुलांना समोच्चरेषा या चित्राच्या साहाय्याने शिकवाव्यात, अधिकाऱ्यांनी ते ग्रामसभेत मांडावे आणि पाणी कोठून शिरते हे जाणणाऱ्या शेतकऱ्याने ते तपासून पाहावे. शेतकऱ्याची ही तपासणी झाल्याखेरीज उठावाचा नकाशा पूर्ण झाला असे समजू नये.