पॉइंट पाहिले, माहेर पाहिले
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दर वर्धापनदिनी सहलीची हकीगत कोणीतरी सांगावयाची, हा आपला जुना रिवाज. यंदा ते काम माझ्या गळ्यात पडले. मला भाषणाची सवय नाही. पोळ्या लाटता लाटता बोलणारी बाई मी. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्या.

गेल्या डिसेंबरात आपण महाबळेश्वरला गेलो. सहल ठरली तेव्हा माझ्या आईने, वय वर्षे ब्याऐंशी, एकच प्रश्न केला, "पाहायचं काय तिथं? डोंगरच ना? मी डोंगरातच जन्मले." आई कोयनाकाठच्या एका लहान गावची. त्या डोंगरावरून तिने लहानपणी लाकडाच्या मोळ्या वाहिल्या. तो पाहावयास लोक पैसे खर्च करून जातात, याचे तिला हसू येई. मी म्हटले, "आई, डोक्यावर मोळी नसताना डोंगर कसा दिसतो ते तरी बघ." तेव्हा कुठे तिने पिशवी भरली.

रात्री जांबोरी मैदानापाशी बसमध्ये बसलो आणि पहाटे वाईला उतरलो. कृष्णेच्या घाटावर हातपाय धुतले, ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि पसरणीचा घाट चढू लागलो. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव. हे कळताच मागच्या बाकावर जे गाणे सुरू झाले, ते पाचगणी येईपर्यंत थांबले नाही. वाटेत भिलार लागते. मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. तेथे लोकांच्या घरांत, देवळात पुस्तके मांडलेली असतात. कोणीही जावे, बसून वाचावे. वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचे गाव आहे, त्यावरून ही कल्पना सुचली. दुपारी जेवणानंतर वाचायला घेतलेल्या पुस्तकावर डुलकी कोणी कोणी काढली, ती नावे मी सांगत नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच. पावसाळ्यात दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत धुक्यापलीकडे काही दिसत नाही, म्हणून पॉइंट पाहावयाचे तर दिवाळीनंतर जावे. विल्सन पॉइंट सर्वांत उंच. तेथे सूर्योदयास जावे आणि कानाला बांधावयास काहीतरी न्यावेच. आता गंमत ऐका. हे विल्सनसाहेब १९२३ साली मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि आपल्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्याही त्याच सुमारास! त्यांच्या नावाला डोंगराचे शिखर आले, आपल्या वाट्याला एकशेसाठ चौरस फुटांची खोली आली. पण त्या खोलीत तीन तीन पिढ्या वाढल्या, लग्ने झाली, बाळंतपणे झाली. शिखरावर तसे काही झाल्याचे ऐकिवात नाही.

नंतर क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. हे जुने गाव. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते. कृष्णा पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीतून आपल्या अरबी समुद्राला. एका देवळात जन्मून एक एका दिशेला गेली आणि दुसरी दुसऱ्या. आई म्हणाली, "लेकीच त्या. एका घरी कशा राहतील?"

तेथून ऑर्थर सीटला गेलो. बाजारपेठेपासून हे अंतर बारा-तेरा किलोमीटर. कड्यावर उभे राहिले की एका अंगाला सावित्रीची खोल, उघडीबोडकी दरी आणि पुढे कोकण; दुसऱ्या अंगाला जोरचे हिरवे खोरे. वारा असा की हलकी वस्तू खाली टाकावी तर ती वर परत येते. पण म्हणून कागद-पिशव्या टाकू नयेत. सगळ्याच परत येत नाहीत. या जागेचे जुने नाव मढीमहाल. तसेच केट्स पॉइंटचे नाके खिंड आणि विल्सन पॉइंटचे सिंदोळा. जुनी नावे आता वाटाड्यांनाही क्वचितच आठवतात.

साहेबी नावे कोठून आली? १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. मूळचे स्कॉटलंडचे, तिकडच्या लँगहोम गावाजवळ एका शेतवाडीवर त्यांचा जन्म झाला. त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ साली ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. म्हणून येथल्या वस्तीला माल्कमपेठ म्हणत. १८३५ मध्ये त्यांच्या गावाजवळच्या टेकडीवर त्यांच्या स्मरणार्थ शंभर फूट उंच दगडी स्तंभ उभारला. ती टेकडी आज तिकडचा 'पॉइंट' आहे. लोक चढून जातात आणि खालचे गाव, नदी, कुरणे पाहतात. मला वाटले, आपला माणूस दूर गेला तरी गावाने त्याला आपल्याच टेकडीवर जागा दिली, हे चांगलेच झाले. पण ज्यांनी या सह्याद्रीच्या वाटा मोळ्या वाहून तुडविल्या, त्या बायांच्या नावाचा एकही पॉइंट येथे नाही.

संध्याकाळी मुंबई पॉइंटला सूर्यास्त पाहिला. प्रतापगड समोर काळासावळा उभा होता. दोन पावले मागे आई खुर्ची मागून बसली होती. सूर्याकडे तिची पाठ आणि नजर खाली कोयनेच्या खोऱ्याकडे. मी विचारले, "सूर्य बघत नाहीस?" ती म्हणाली, "सूर्य वरळीलाबी बुडतो. माझी नदी तिकडं कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी बसच्या कार्यक्रमात वेण्णा तलाव आणि बाजारखरेदी होती. तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविला. होडीत बसावयास छान आहे. पण आईच्या त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नव्हती. मी भीत भीत अध्यक्षीणबाईंना विचारले, आणि त्यांनी सर्वांना विचारले. स्ट्रॉबेरीची खरेदी अर्ध्या तासात उरकावी आणि तापोळ्याला जावे, असे एकमताने ठरले. मैत्रिणींनो, खरेदी अर्ध्या तासात उरकणे म्हणजे केवढा त्याग, हे मी जाणते!

तापोळे महाबळेश्वरपासून पंचवीस-तीस किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा. तेथे शिवसागर जलाशय पसरला आहे. कोयनेवर धरण झाले आणि साठ-पासष्ट वर्षांपूर्वी खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. त्या पाण्याची वीज मुंबईपर्यंत आली, गिरण्या-कारखाने चालले. आईचे लग्न नुकतेच झाले होते आणि ती वरळीला आली होती. मामा दुसऱ्या जिल्ह्यात वसला. सासुरवाशीण पहिल्या सणाला माहेरी जाते. आईला जावयास गावच उरले नव्हते. आमच्या लहानपणी चाळीतल्या बायका मे महिन्यात माहेरी निघाल्या की आई गॅलरीत कपडे वाळत घालीत उभी राही. का, ते आम्ही कधी विचारले नाही.

काठावर ती बराच वेळ गप्प होती. मग बोट दाखवून बोलू लागली. "त्या दोन डोंगरांच्या मधी आमची वाडी. तिथं वड. वडाखाली विहीर. तिथून वर भैरीचं देऊळ." समोर सगळे पाणी. पण ती सांगत गेली तसतसे आम्हाला घर दिसले, गोठा दिसला, विहीर दिसली. आपल्या मंडळाच्या बत्तीस जणी, एरवी एक मिनीट गप्प न बसणाऱ्या, तेव्हा चिडीचूप होत्या. शेवटी कोणीतरी हळदीकुंकवाची डबी काढली. आईने पाण्याला हळदकुंकू वाहिले आणि पिशवीतला खण सोडला. तिने तो वरळीहूनच बरोबर आणला होता! म्हणजे डोंगराला हसणारी माझी आई घरून निघतानाच माहेरी निघाली होती.

परत येताना ती एवढेच म्हणाली, "एक घर पाण्यात गेलं, दुसरं आता हवेत चाललं." ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या वरळीच्या चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतीत नवी घरे मिळाली. काहीजणी गेल्या, काही वाट पाहत आहेत. घरे मोठी आहेत, संडास घरात आहे. या सुखाला मी नाव ठेवणार नाही. आमच्या आयांनी रांगेत उभे राहून आयुष्य काढले. पण चाळ पाडल्यावर वरच्या मजल्यावरून नातीला "तिथे आमची गॅलरी, तिथे मंडळाची खोली" असे बोट दाखवून सांगणारी कोणीतरी हवी. नाहीतर खाली नुसती जमीन दिसेल, जसे आम्हाला नुसते पाणी दिसले असते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. प्रत्येक मजल्यावरील एका म्हातारीकडून चाळीची माहिती लिहून घ्यावी, कोण कोठे राहत होते, नळ कोठे, गणपती कोठे बसत असे ते सर्व. आणि उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरते, तेव्हा मे महिन्यात पुन्हा तापोळ्याला जावे. देवळाचा चौथरा दिसतो म्हणतात. आईने आत्ताच खण घेऊन ठेवला आहे. ब्याऐंशीव्या वर्षी ती मे महिन्यात माहेरी जावयाचे म्हणते. तिला पुढच्या वर्षीचा वायदा करणे माझ्याच्याने होणार नाही.

 सहलीची वर्गणी खजिनदारांकडे आजच द्यावी, म्हणजे बस लवकर ठरेल.